दिवस कसा जातो, हे आधी विचारा

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी कोकणासाठी एक बातमी जवळपास ठरलेली असते. कोकण विभागीय मंडळाची पहिली परीक्षा २०१२ मध्ये झाली आणि तेव्हापासून राज्यातील विभागांच्या यादीत हे मंडळ बहुतेक दरवर्षी पहिल्या क्रमांकावर राहिले आहे. हीच मुले पुढे पदवीच्या प्रथम वर्षाला येतात आणि "पुढे काय करणार?" असे विचारले की उत्तरे मात्र पाच-सहाच मिळतात: शिक्षक, पोलीस, बँक, एमपीएससी, नर्सिंग, नाहीतर "मुंबईला मामा आहे, तो बघेल". किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात मार्गदर्शन कक्षाचे काम बरीच वर्षे पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की आपल्या मुलांनी फारशी कामे जवळून पाहिलेलीच नसतात. कामाचे नाव त्यांना ठाऊक असते. ते काम करणाऱ्या माणसाचा सोमवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा जातो, हे ठाऊक नसते. पदवीच्या तीन-चार वर्षांत ते कसे जाणून घ्यावे आणि त्यावरून पुढची आखणी कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

गणपतीतले चाकरमानी आणि शंभर पानी वही

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम एक शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक पान एका माणसासाठी राखावे. माणसे शोधायला फार लांब जावे लागत नाही. गणपतीला आणि शिमग्याला एकेका वाडीत जेवढे चाकरमानी येतात, तेवढ्यांत रेल्वेतला तंत्रज्ञ, रुग्णालयाच्या बिलिंग विभागातली ताई, मंत्रालयातला लिपिक, सॉफ्टवेअर तपासणारा मुलगा आणि केटरिंगचा व्यवसाय करणारे काका असे सगळे भेटतात. एरवी ज्यांच्या भेटीसाठी शहरात खेटे घालावे लागले असते, ती माणसे आरतीनंतर आपल्याच पडवीत निवांत बसलेली असतात. ही सोय कोकणाबाहेरच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना आहे आणि आपण ती पत्त्यांच्या डावात घालवतो.

पगाराचा प्रश्न पहिला विचारू नये. गावात सांगितला जाणारा पगार हा गावासाठीच असतो. त्याऐवजी सकाळी घरातून किती वाजता निघता, कामावर पोहोचल्यावर पहिला तास कशात जातो, दिवसातला किती वेळ बोलण्यात, किती लिहिण्यात आणि किती उभ्याने जातो, गेल्या महिन्यात सर्वांत जास्त कंटाळा कशाचा आला, हे काम लागले तेव्हा तुम्हाला काय येत होते आणि बाकीचे कोणी शिकवले, आज तुमच्या हाताखाली नवा माणूस घ्यायचा झाला तर त्याच्यात काय पाहाल, असे विचारावे. उत्तरे त्याच रात्री लिहून काढावीत. चार दिवसांनी लिहिली की त्यात आपल्या मनाची भर पडते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या शेजारचे काका वाडीत "बँकेत साहेब" म्हणून ओळखले जात. मुलगा अबोल होता आणि बँकेचीच तयारी करीत होता. त्याने हे प्रश्न विचारल्यावर काका हसले आणि म्हणाले, "बाबा रे, मी वसुलीला आहे. दिवसाला साठ-सत्तर फोन करतो आणि त्यातले निम्मे लोक मला शिव्या घालतात." मुलाने बँकेचा नाद सोडला नाही, पण दुसऱ्या पानासाठी त्याने शाखेतल्या लिपिकाला गाठले आणि तिसऱ्या पानासाठी एका कृषी क्षेत्र अधिकाऱ्याला. "बँक" या एका शब्दाखाली रोखपाल, कर्ज-छाननी, वसुली, कृषी अधिकारी, संगणक विभाग अशी परस्परांशी फारसे साम्य नसलेली कामे आहेत, हे त्याला तेव्हा कळले. कृषी अधिकाऱ्याच्या पदाला साधी पदवी चालत नाही, कृषी, उद्यानविद्या, मत्स्यशास्त्र यांसारख्या शाखांची पदवी लागते, हेही त्याला तिथेच समजले. ते द्वितीय वर्षात समजले म्हणून निभावले.

वर्षभरात दहा पाने भरली तरी पुरे आहे. त्यांतली निदान तीन पाने अशा कामांची असावीत ज्यांचा आपण कधी विचारच केला नव्हता.

पन्नास किलोमीटरच्या आत

ऐकलेला दिवस आणि पाहिलेला दिवस यांत फरक असतो, म्हणून दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बसणे. "इथे काही नाही" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटले जाते की ते तपासून पाहण्याचे कोणाला सुचत नाही. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आणि फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्याला आहे. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीत प्रयोगशाळा आहेत, जयगडला बंदर आहे, मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव आणि बर्फाचा धंदा आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि आज मालवण-तारकर्लीला पाण्याखाली पर्यटकांना घेऊन जाणारी स्थानिक मुले आहेत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या मालालाच ते नाव लावता येण्याची नोंद, मिळाल्यापासून मानांकनाची नोंदणी, वेष्टन आणि ऑनलाइन विक्री ही नवी कामे बागायतदारांच्या घरात आली आहेत, पण ती करणारे हात बहुतेक घरांत कमी पडतात.

वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीला मी दोन दिवस काजू प्रक्रिया उद्योगात बसायला पाठवले होते. "सर, तिथे बायका काजू फोडतात, मी काय पाहणार?" असा तिचा प्रश्न होता. सकाळी सातला बॉयलर पेटला. आदल्या दिवशी वाफवून थंड केलेली बी कटरवर आली. टरफलातले तेल लागून कातडी सोलू नये म्हणून बायका हातमोजे घालून बसल्या होत्या. फोडलेला गर भट्टीत सुकला, मग साल काढली, आणि शेवटी दोघी जणी प्रतवारीच्या टेबलाशी बसल्या. तिथे तिला कळले की डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर आणि डब्ल्यू-२४० म्हणजे त्याहून मोठे, एका पौंडात २२० ते २४० बसणारे. आणि गर फुटून पाकळी झाली की त्याचा भाव तिथल्या तिथे उतरतो. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर मिळतो, तेव्हा कटरवरच्या बाईचा हात किती हलका आहे यावर मालकाचा नफा ठरतो.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या टेबलाशी बसली आणि खरा धडा तिथे मिळाला. बीचा हंगाम मार्च ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा असतो, कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो. म्हणजे वर्षाचा माल तीन महिन्यांत विकत घ्यावा लागतो आणि तेवढे पैसे गोदामात अडकून पडतात. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (साठ्याच्या तारणावर लागेल तसे उचलायचे कर्ज), साठ्याचे दरमहाचे विवरणपत्र, व्याज, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे या सगळ्यासाठी मालक आठवड्यातून एकदा शहरातल्या सल्लागाराकडे कागदांची पिशवी घेऊन जात असत. पुस्तकात "खेळते भांडवल" हे प्रकरण तिने पाठ केले होते; ते प्रकरण गोदामात पोत्यांच्या थप्प्यांच्या रूपाने रचून ठेवलेले तिने प्रथमच पाहिले. कारखाना चालवणे आपल्याला आवडणार नाही, हिशेबाची बाजू मात्र आवडते, असे तिने वहीत लिहिले. पुढच्या महिन्यापासून ती दर शनिवारी त्याच सल्लागाराकडे जाऊन नोंदी शिकू लागली.

जाताना महाविद्यालयाचे पत्र न्यावे, कामाच्या आड येऊ नये, पहिल्या दिवशी फोटो काढू नयेत आणि जेवणाच्या सुट्टीत मालकापेक्षा कामगारांजवळ बसावे.

अभ्यासक्रमातले तास वाया घालवू नका

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमातच कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्र प्रकल्प आले आहेत. चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) प्रशिक्षणासाठी साधारण १२० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवणे अपेक्षित असते. व्यवहारात काय होते, ते आपण सगळेच जाणतो: काकांच्या दुकानाचा शिक्का, एक प्रमाणपत्र आणि शेजाऱ्याच्या अहवालावरून उतरवलेला अहवाल. ज्या विद्यार्थ्याने वहीची दहा पाने भरली आहेत, त्याला हे १२० तास कुठे घालवायचे हे आधीच ठाऊक असते. तीन महिने आधी पत्र द्यावे, आणि "मला काहीही काम द्या" असे न लिहिता "मला साठा नोंदवही ठेवता येते, एक्सेल येते, आपल्या प्रतवारीच्या नोंदी मी संगणकावर घेऊन देईन" असे नेमके लिहावे. प्रमाणपत्रापेक्षा, पुढे कोणी चौकशी केली तर तुमच्याविषयी सांगायला स्वतःचे नाव आणि फोन द्यायला तिथला माणूस तयार होणे मोलाचे असते.

याच धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स अशी सोय आहे. चौथे वर्ष सर्वांनी करावेच असे नाही. संशोधनाकडे किंवा परदेशी शिक्षणाकडे वळायचे असेल तर ते उपयोगाचे आहे. "अजून एक वर्ष विचार करायला मिळेल" या कारणासाठी ते करू नये. विचार करायला शिकाऊ उमेदवारी अधिक चांगली, कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली पदवीधरांनाही विद्यावेतनासह साधारण वर्षभराचे प्रशिक्षण घेता येते आणि त्याची नोंदणी सरकारी संकेतस्थळावरून होते. ही सोय आपल्याकडच्या पदवीधरांपैकी फारच थोडे वापरतात, कारण ती आयटीआयच्या मुलांसाठीच आहे असा समज पक्का झालेला आहे. महाविद्यालयात नसलेला एखादा विषय हवा असेल तर "स्वयम्" या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य शिकता येतो; परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच शुल्क भरावे लागते.

स्पर्धा परीक्षा: तारीख घालून घ्या

या परीक्षांविषयी मी कोणाला नाउमेद करीत नाही, मात्र दोन गोष्टी मुलांकडून लिहून घेतो. पहिली म्हणजे, ज्या पदासाठी परीक्षा द्यायची त्या पदावरच्या माणसाचे पान वहीत असलेच पाहिजे. नायब तहसीलदार व्हायचे असेल तर पावसाळ्यात दरड कोसळल्यावर रात्री अडीच वाजता पंचनाम्याला निघणाऱ्या माणसाशी एकदा बोलावे. दुसरी म्हणजे, थांबण्याची तारीख. महाराष्ट्रात राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षे आहे, आणि ही उदार मर्यादाच अनेकांना अडकवते, कारण "अजून वेळ आहे" हे वाक्य पस्तिशीपर्यंत खरेच राहते. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे आता पर्याय हेरण्याच्या सरावाबरोबर रोज दोन पाने सलग मराठी लिहिण्याची सवय हवी; ती सवय पदवीच्या पहिल्या वर्षापासून कोणालाही, कोणत्याही शिकवणीशिवाय लावता येते. पूर्णवेळ तयारीला किती वर्षे द्यायची ते आधी ठरवून घरच्यांसमोर कागदावर लिहावे आणि त्या काळात दुसऱ्या कामाचा हात पूर्णपणे सुटू देऊ नये.

कागदपत्रांची पेटी

सर्वांत रुक्ष भाग हाच, पण हातातोंडाशी आलेली संधी मी इथेच निसटताना पाहिली आहे. आधार कार्डावर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि वडिलांच्या दाखल्यावर आडनावच नाही, अशी स्थिती आपल्याकडे घरोघरी आहे, कारण जुन्या शाळांच्या नोंदवह्यांत आडनावाच्या जागी कधी वाडीचे नाव तर कधी नुसती जात लिहिलेली सापडते. आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्याने जात वैधता प्रमाणपत्राचे काम प्रथम वर्षातच हाती घ्यावे. त्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गांना १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, जुने खरेदीखत यांपैकी काहीतरी घरात किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. शाळा बंद पडली असेल तर तिची दप्तरे कुठे गेली हे विचारत फिरण्यात दोन महिने सहज जातात. नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख दाराच्या मागे चुन्याने लिहून ठेवा, असे मी मुलांना गमतीने सांगतो. एकीने ती खरोखरच लिहिली होती.

जहाज आणि आखात

दर्यावर्दी घराण्यातल्या मुलांना मर्चंट नेव्हीची ओढ असते आणि ती रास्तही आहे. पण पैसे भरण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. प्रथम डोळ्यांची, विशेषतः रंग ओळखण्याची, तपासणी. रंगांधळेपणा निघाला तर डेकवरच्या कामाचा मार्ग तिथेच बंद होतो. दुसरी म्हणजे, तो अभ्यासक्रम नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का. तिसरी म्हणजे, जहाजावर पाठवू म्हणणाऱ्या एजंटाकडे त्याच महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का. परवानाधारक संस्थेला खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेताच येत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका घराने बाग गहाण ठेवून एका एजंटाला काही लाख दिले, मुलाला दूरच्या एका बंदरात नेऊन महिनाभर खोलीत बसवले आणि परत पाठवले. त्याचे कागद मी नंतर पाहिले. परवाना क्रमांकाची जागा कोरी होती. आखाती देशांसाठीही परदेशगमनाच्या १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटांची यादी "ई-मायग्रेट" या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते आणि त्यांच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर एवढीच आहे.

जाण्याचा आणि राहण्याचा हिशेब

मुंबई-पुण्याला जावे की गावाजवळ राहावे, हा वाद भावनेने सुटत नाही. वहीचे एक पान मधोमध दुमडावे. समजा, मुंबईत हातात २२,००० रुपये येणार आहेत. चौघांत घेतलेल्या खोलीचे ५,०००, खानावळीचे ४,५००, पास आणि रिक्षाचे १,५००, फोन-कपडे-औषधांचे १,५०० आणि गावी ये-जा करण्याचे सरासरी १,००० वजा केले की ८,५०० उरतात. समजा, चिपळूणला तसलेच काम १३,००० ला मिळते. एसटीचे १,५००, इतर १,००० आणि घरात ३,००० दिले तरी ७,५०० उरतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले भरावेत. फरक एवढाच उरला की मग त्याच पानावर खाली खरा प्रश्न लिहावा: तीन वर्षांनी मला दोन्हींपैकी कोणत्या ठिकाणी जास्त येत असेल? कधी उत्तर मुंबई येते, कधी चिपळूण. शिकवणारा माणूस जिथे आहे तिथे हजार रुपये कमी घेऊनही जावे, असे माझे मत आहे.

स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन कोणत्या योजना यंदा चालू आहेत, हे आधी पाहावे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के, तर महिला आणि राखीव प्रवर्गांना ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. अनुदान पाहून धंदा निवडणाऱ्यांचे धंदे अनुदानाबरोबरच संपतात, त्यामुळे याविषयी अधिक लिहीत नाही.

घरच्यांना कसे सांगावे

मुलींच्या बाबतीत निर्णय बऱ्याचदा शेवटची एसटी घेते. पावणेसहाची गाडी चुकली तर मुक्काम कुठे, या एका प्रश्नावर चांगले प्रशिक्षण नाकारले गेल्याचे मी पाहिले आहे. अशा वेळी घरी वाद घालत बसू नये. कामाची वेळ दहा ते चार मागावी, एकाच गावच्या दोघींनी मिळून अर्ज करावा, आणि जमल्यास वडिलांना एक दिवस ती जागा दाखवावी. काजू कारखान्यात बसलेल्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांचाही आधी नकारच होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला सोडायला आले, गोदामाच्या दारातल्या बाकावर अर्धा तास न बोलता बसले, पोती मोजत राहिले आणि उठताना त्यांनी मालकांना एवढेच विचारले, "आमच्याकडची बी घेता काय? यंदा चांगली धरलीय."